केसरबाईचा माठ आणि लाल फ्रीज

मूल शहराहून गडचिरोलीकडे जाताना, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू व्हायच्या जरा आधी, रस्त्याच्या कडेला केसरबाईची टपरी आहे. गाव तिला संशयी म्हणतं आणि ती ते नाकारत नाही. कुणी गोड बोललं की ती आधी त्याच्या हाताकडे पाहते.

"तोंड शिकवता येते," ती म्हणते, "हात नाई शिकवता येत."

नवरा गेल्यावर तिनं ही टपरी टाकली, तेव्हा चहा ठेवला होता. चहा प्यायला फक्त बौद्ध मोहल्ल्यातली माणसं यायची. बाकीचं गाव बिस्किटाचा पुडा घ्यायचं, मेणबत्ती घ्यायचं, कपाकडे न पाहता निघून जायचं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. कुणाचा चहा आत्ताच झालेला असे, कुणाला पित्त असे. मग एका अमेरिकन कंपनीच्या माणसानं तिला काचेच्या दाराचा लाल फ्रीज आणून दिला. अट एकच, त्यात आमच्याच कोल्ड्रिंकच्या बाटल्या ठेवायच्या. त्या उन्हाळ्यात सगळं गाव टपरीवर आलं. झाकण फिरवताना 'फस्स' असा आवाज झाला की गावाची खात्री पटायची, की आतल्या पाण्याला इथल्या कुणाचा हात लागलेला नाही. केसरबाईला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. फ्रीज मात्र ती रोज पुसायची.

यंदा दिवाळीला नातू आयुष चंद्रपूरच्या कॉलेजातून घरी आला तो बहिष्काराची गोष्ट घेऊनच. अमेरिकेनं आपल्या मालावर मोठा कर लावला होता आणि पेपरात, मोबाइलवर त्याचीच चर्चा होती.

"त्यांच्या कंपन्यांचा धंदा बसला, की तिथलं सरकार वठणीवर येते, आजी."

बाकावर रामाजी बसले होते. गावातले जुने शेतकरी, गालात तंबाखूचा खर्रा आणि हातात कायम लाल बाटली.

"आपल्या गावात बाटली खपली नाई, हे अमेरिकेले कसं मालूम पडन रे? तू तार करशीन का?"

"थेंबाथेंबानं तळं साचते, आबाजी."

"अन् त्या तळ्यात बुडते कोण?" केसरबाईनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी भोंगा लावलेला ऑटो गावातून फिरला. भाऊबिजेनंतर झाडीपट्टीतल्या गावागावांत मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे येतात, रात्री नाटक असतं. टपरीची वर्षाची खरी विक्री त्या एका दिवसाची. भोंगा सांगत होता, 'यंदाच्या मंडईत अमेरिकन बाटली ठेवणाऱ्या दुकानातून कोणीही काहीही घेऊ नये.'

केसरबाईच्या हातातलं फडकं थांबलं. अमेरिका तिला ऐकूच आली नाही. दुकानातून घेऊ नये, एवढंच ऐकू आलं.

अशी एक दवंडी तिनं लहानपणी याच गावात ऐकली होती. धम्म घेतल्यावर मोहल्ल्यानं मेलेली ढोरं ओढायला नकार दिला, तेव्हा कोतवाल डफ वाजवत फिरला होता. चक्कीवर दळण बंद, तलावाच्या पाळीवरून वाट बंद, दुकानातून मीठसुद्धा बंद. दुकान रामाजींच्या वडिलांचं होतं. तिचा बाप पायी मूलला जायचा आणि पळसाच्या पानात बांधून मीठ आणायचा. आई ते बोटाच्या पेरावर घेऊन भाजीत टाकायची. पावसाळ्यात ते पाझरायचं, तेव्हा आई पानसुद्धा धुऊन घ्यायची.

"आजी, हा बहिष्कार कंपनीवर हाय, तुह्यावर नाई," आयुष कळवळून म्हणाला.

"तवाबी असंच म्हणत होते, बापू. का आमचा राग तुमच्यावर नाई, रीत मोडली त्याच्यावर हाय."

संध्याकाळी मंडई समितीचे अध्यक्ष भैयाजी स्वतः आले. हात जोडून म्हणाले, "केसरबाई, देशासाठी एवढं करा. त्या बाटल्या काढा. त्या जागी देशी बाटल्या ठेवा, मी पाठवतो पेट्या."

"कोणाच्या एजन्सीतून?"

भैयाजी हसले. "माह्या साळ्याची एजन्सी नाई, बाई! तसं पाहू नका माह्याकडे."

एजन्सी त्यांच्या साळ्याची खरंच नव्हती. केसरबाईनं भोंगा ऐकल्यावरच सामान आणणाऱ्या गाडीवाल्याला विचारून घेतलं होतं. पण तिच्या मनात आता वेगळंच खुपत होतं. लाल बाटली गेली की देशी बाटली. बाटलीच काऊन?

"बाटली नाई ठेवत," ती म्हणाली. "माठ ठेवते. लिंबाचं सरबत. लिंबू माह्या वाडीचं, पाणी गावच्या बोरिंगचं, हात माहा. याच्यापेक्षा देशी काय रायते, भैयाजी?"

भैयाजींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. "चांगलं हाय, चांगलं हाय," म्हणत ते उठले. जाताना त्यांनी दोन्ही हात पँटला पुसले.

आयुष हळूच म्हणाला, "आजी, आता तसं राह्यलं नाई."

"मंग भेव कायचं? पाहू."

पण भेव तिलाही होतं. सरबत विकलं नाही तर मंडई बुडाली, आणि रिकामा फ्रीज कंपनी कशाला ठेवेल? शिवाय इतकी वर्षं जे न बोलता चाललं होतं ते उघड्यावर येणार होतं.

मंडईच्या दिवशी ऊन कडक होतं. केसरबाईनं फ्रीज बंद करून त्यावर आपलं जुनं लुगडं टाकलं. पुढ्यात माठ, त्यावर ओलं फडकं, शेजारी घासून लख्ख केलेले स्टीलचे पेले. दुपारपर्यंत मोहल्ल्यातली माणसं प्याली, आकाशपाळण्यातून उतरलेली लेकरं प्याली. बाकीचे माठ पाहायचे, लुगडं पाहायचे. कुणाला सर्दी होती, कुणाचा उपास होता. रामाजी बाकावर बसून होते. त्यांना आज तहानच नव्हती.

स्वदेशीवर भाषण करून भैयाजी घामाघूम उतरले आणि चार माणसांसह टपरीवर आले. घसा बसला होता.

"डिस्पोजल गिलास नाई का, बाई? कोरोनापासून सवय लागली."

"ते प्लास्टिक कोणत्या देशाचं रायते मले नाई मालूम, भैयाजी. म्हणून नाई आणलं."

मागची माणसं हसली. भैयाजींनी पेला घेतला, मान वर केली आणि ओठ न लावता वरूनच घशात ओतला. थोडं सरबत सदऱ्यावर सांडलं. मग बाकीच्यांनी पेले उचलले. रामाजींनीसुद्धा. सगळे वरूनच प्याले.

केसरबाई पाहत राहिली. या भागात सगळेच वरून पितात. तिचा नवराही वरूनच प्यायचा. मग यातलं सवयीचं किती आणि मनातलं किती? तिनं रिकामा पेला घ्यायला हात पुढे केला. भैयाजींनी तो फळीवर ठेवला.

गर्दीतून वाट काढत गुणाबाई आली, रामाजींची बायको. धापा टाकत तिनं पेला उचलला, ओठाला लावला आणि अर्धा रिकामा केला. मग उष्टा पेला तसाच केसरबाईच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली.

"मीठ कमी हाय वं, केसर," ती म्हणाली.

रामाजी खाली पाहू लागले. केसरबाईनं मिठाचा डबा उघडला, चिमूट घेतली, पेल्यात टाकली आणि चमच्यानं सावकाश ढवळलं. गुणाबाईनं उरलेलं पिऊन पदरानं तोंड पुसलं.

मंडई उठल्यावर कंपनीच्या माणसाचा फोन आला. बाटल्या पाठवू, की फ्रीज परत नेऊ? आयुषनं फोन आजीच्या कानाला लावला.

"बाटल्या आता पाठवू नका. फ्रीज राहू द्या थोडे दिवस," केसरबाई म्हणाली.

फोन ठेवून आयुषनं विचारलं, "काऊन वं, आजी? सरबत तर संपलं. अजून भरोसा नाई?"

केसरबाई माठ पालथा घालत होती.

"गुणाबाईवर हाय," ती म्हणाली. "गावाचं उन्हाळ्यात पाहू."