राग आला की घेते

आमच्या थोरल्या जाऊबाई शाळेचे गणवेश शिवतात. गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या अंगावर त्यांचीच शिलाई. तोंड मशीनपेक्षा वरचढ! एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. त्यात बाईंना बीपी.

डोळ्यात मोतीबिंदू झाला आणि शिवणकाम अंदाजपंचे चालू लागलं. ऑपरेशनला दोनदा नेलं, दोनदा बीपी बघून डॉक्टरांनी परत पाठवलं. "मशीन आता भंगारात घालायचं का गं?" असं म्हणत त्यांनी मशीनवर हात फिरवला.

मग मीच घरात फर्मान काढलं, ताईंना राग येईल असं कुणी बोलायचं नाही. बाही आखूड झाली? छान झाली. कॉलर कानाला लागली? फॅशनच आहे! गल्लीतल्या आयांनाही हळूच सांगून ठेवलं. बिचाऱ्यांनी वाकडेतिकडे गणवेशही हसत घेतले.

तरी तिसऱ्यांदा बीपी वरच. नर्सबाईंनी विचारलं, "मावशी, गोळी रोज घेता ना?"

"रोज कशाला? राग आला की घेते. हल्ली सगळे इतकं गोड बोलतात, महिनाभर गोळीला हात लावला नाही!"

नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, बीपी हसतानाही वाढलेलं असतं, कळतसुद्धा नाही. गोळी रोज घ्यायची."

म्हणजे आम्हीच गोड बोलून बाईंची गोळी बंद पाडली होती! हसावं की रडावं?

त्या दिवसापासून रोज सकाळी मी गोळी घेऊन पुढ्यात उभी. "सासू गेली, तर तू आलीस," असं म्हणायच्या, पण घ्यायच्या. हळूहळू बीपी आटोक्यात आलं आणि एकदाचं ऑपरेशन झालं.

पट्टी निघाल्यावर घरी आल्या, तर दारात माझा नवरा. त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भाऊजी, ही पँट कुणी शिवली? एक पाय वर, एक खाली!"

"तुम्हीच, वहिनी."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "आणि शाळेतली पोरं?"

"तीही अशीच हिंडतायत," मी म्हटलं.

"अगं, माझी अब्रू गेली की! तू तरी सांगायचंस!"

"कसं सांगणार? तुम्हाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं हो?" मला रडूच फुटलं.

"वेडी कुठली," म्हणाल्या, माझा हात घट्ट धरला आणि दिरावर कडाडल्या, "बघताय काय? काढा आधी ती पँट!"