तिसऱ्या घंटेचा दोर

एनिड प्रॅटलीच्या बदनामीची सुरुवात माझ्या तोंडातून झाली, हे आधीच कबूल करून टाकते.

बकिंगहॅमशायरमधल्या आमच्या गावात चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा. त्यांच्यावर गाणं वाजवत नाहीत. दर फेरीला घंटांचा क्रम बदलायचा आणि सातशे वीस फेऱ्यांत एकही क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही, तेही कागद न बघता. एनिडचे वडील हॅरॉल्ड, बेकरीवाले, आमच्या वाजवणाऱ्यांचे म्होरके. एकोणीस वर्षांच्या एनिडकडे तिसरी घंटा.

दुसऱ्या महायुद्धात घंटा गप्प झाल्या. वाजल्या तर शत्रू उतरला असं समजायचं. मग प्रॅटलींच्या स्वयंपाकघरात हातातल्या छोट्या घंटांवर सराव चाले. तिथे एकदा सरकारने ताब्यात घेतलेल्या हवेलीतले एक चष्मेवाले साहेब येऊन बसले. पुढच्या सोमवारपासून एनिड हवेलीत कामाला. काम काय, विचारलं तर म्हणे, "फायली लावते."

फायली लावणारी पोरगी सकाळी उजाडल्यावर सायकलवरून घरी परतते? पावाच्या रांगेत मी म्हटलं, "फायलीला मिशा असतील." रांग हसली. गल्ल्यावर हॅरॉल्ड होते.

ते लेकीला म्हणाले, "भाऊ तिकडे बोटीवर मरणाच्या दारात, आणि तू?"

"फायली, बाबा."

घंटांवरची बंदी उठली तेव्हा तिसरा दोर त्यांनी तिला दिलाच नाही. मला दिला. एनिड खालच्या बाकावर बसून ऐकायची. खरं काय ते एका वाक्यात सांगितलं असतं, तर तिला तो परत मिळाला असता.

तीस वर्षांनी सरकारने हवेलीतल्या कामाबद्दल बोलायची मुभा दिली. मी नेमकी जॅमची बाटली घेऊन प्रॅटलींकडे गेलेली.

"बाबा, मी फायली नव्हते लावत. जर्मनांचे गुप्त निरोप उलगडत होते. अक्षरांचे क्रम, आपल्या घंटांसारखेच."

ब्याऐंशीच्या म्हाताऱ्याने चहाचा कप बाजूला सरकवला. "बापाला तरी सांगायचंस."

"गुप्ततेच्या कागदावर सही केली होती."

"मी कुणाला बोललो असतो?"

"तुम्ही नाही. पण दुकानात ही असायची ना."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "रविवारी हिचा दोर हिला दे."

दिला. पन्नाशी उलटलेली बाई, तीस वर्षं दोराला हात नाही. मी खालच्या बाकावर बसून मोजत होते, एखादी तरी फेरी चुकेल म्हणून. सातशे वीस झाल्या, एक चुकली नाही.