जपानी जहाजावर अनवाणी

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. हा किस्सा ऐकताना आमच्या सोफ्यावर चहा उडवलेली माणसं मला तोंडपाठ आहेत.

तर आम्ही तेव्हा सिंगापूरला होतो. मी, मेधा आणि आमची लेक सई. जुरोंग ईस्टचा तो दहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली उतरलं की हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्या, रविवारी कुणाकडे तरी जमून पोहे आणि गप्पा. काय दिवस होते हो ते! अजूनही पाऊस थांबल्यावरचा तो दमट वास आठवला की मला पुण्यात बसल्याबसल्या उदास व्हायला होतं.

कंपनीने मला एका जपानी क्लायंटच्या कामावर घातलं होतं, आणि त्याआधी जपानी शिष्टाचाराचा एक छोटा कोर्स करायला लावला होता. झालं! कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, किती वाकायचं, बूट कुठे काढायचे, सगळं मला येत होतं. कुणी नुसतं सुशीचं नाव काढायचा अवकाश, की मी सुरू. मित्र पुढेपुढे मला बघून विषय बदलायला लागले होते, पण तेव्हा मला वाटायचं, ते भारावून गेलेत.

त्याच सुमारास मेधाचे वडील, अप्पा, आमच्याकडे आले होते. मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून रिटायर झालेला माणूस. एके काळी गप्पांचा फड जमवायचे, लोकांच्या फिरक्या घ्यायचे. सासूबाई गेल्या आणि अप्पा गप्पच झाले. मेधाने त्यांना ठाण्याहून हट्टाने आणलं. आम्ही बागा दाखवल्या, मॉल दाखवले, एमआरटीतून, म्हणजे तिथल्या मेट्रोतून, गावभर फिरवलं. ते ‘छान आहे’ म्हणायचे आणि घरी येऊन खिडकीशी बसायचे.

“अरे मंदार, एकदा तरी मनापासून हसले ना, तरी पुरे मला,” मेधा भाजी चिरताना म्हणाली, आणि कांदा नसताना डोळे पुसायला लागली.

आता अशा वेळी जावयाने काही तरी करायला नको?

तेवढ्यात कळलं, की आसपासच्या देशांच्या युद्धनौका सिंगापूरला भेटीला आल्यात. सगळ्यांनी मिळून सराव करायचा, समुद्रात अडकलेल्यांना कसं वाचवायचं, चाच्यांना कसं हुसकावायचं. आणि त्यात जपानचंही जहाज! रविवारी साध्या माणसांनाही वर चढून बघता येणार होतं.

“अप्पा, जहाज बघायला जायचं का? जपानी नौदलाचं!”

अप्पांनी खिडकीकडची मान वळवली. रविवारी सकाळी उठून बघतो तर काय, अप्पा गॅलरीत बसून स्वतःच्या काळ्या बुटांना पॉलिश करतायत! मेधा मला हळूच चिमटा काढून म्हणाली, “आज काही घोळ घालू नकोस हं.”

घोळ? आणि मी? जपानच्या बाबतीत?

धक्क्यावर भर दुपारचं ऊन. रांगेत आमच्या मागे इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्सचे नौदल अधिकारी, पांढरेशुभ्र गणवेश, चकाचक बूट. हळूहळू सरकत आमचा नंबर आला. जहाजावर चढायच्या शिडीपाशी एक तरुण जपानी अधिकारी उभा. तो वाकला, मीही वाकलो, त्याच्यापेक्षा चार बोटं जास्तच. आणि खाली वाकलोच होतो, तर बुटाच्या लेस सोडायला लागलो.

“अरे, हे काय करतोयस?” मेधा.

“जपानी लोकांकडे जाताना बूट बाहेर काढायचे असतात.”

“अरे, पण तिथे बोर्डवर लिहिलंय, बंद बूट घालून यावे.”

“बरोबर आहे. इथपर्यंत घालून यायचे. मेधा, कोर्स मी केलाय का तू?”

अप्पांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं. “असं म्हणता, मंदारराव? मग काढलेच पाहिजेत,” आणि गंभीर चेहऱ्याने स्वतःच्या लेस सोडायला लागले. सासरेच काढतायत म्हटल्यावर मेधा काय बोलणार? तिनेही काढले, सईचेही काढले.

तो जपानी पोरगा आमच्या मोज्यांकडे बघतच राहिला. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. पण पाहुण्याला ‘तुम्ही चुकताय’ म्हणायचं कसं? त्याने आणखी खोल वाकून नमस्कार केला. मला वाटलं, भारावला! तो वॉकीटॉकीवर काहीतरी पुटपुटला, आणि दोन खलाशी पळत पळत निळी ताडपत्री घेऊन आले. त्यांनी ती अंथरली आणि आमचे बूट जोडीजोडीने, टाचा सरळ रेषेत, लावून ठेवले.

“बघितलंस?” मी मेधाला म्हटलं. “तयारीत असतात लोक.”

वर चढलो आणि मागे वळून बघतो, तर शिडीखाली इंडोनेशियाचं नौदल बूट काढतंय! त्यांच्यामागे मलेशिया, त्यामागे फिलिपिन्स. एका जाडजूड साहेबांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला, तो ते दुसऱ्या पायाने झाकतायत. एवढ्यात पाहुण्यांच्या स्वागताला खुद्द जहाजाचे कॅप्टन आले. समोर चार देशांचे पाय मोज्यांत! कॅप्टनसाहेब क्षणभर थबकले, मग खाली वाकले आणि त्यांनीही स्वतःचे बूट काढले.

माझी छाती फुगली हो! पण फार वेळ नाही फुगली.

कारण युद्धनौकेचा डेक लोखंडी असतो, आणि सिंगापूरचं दुपारचं ऊन काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. नुसता तवा! आधी सई ओरडली, “बाबा, सो हॉट लाह!” मग मी एका पायावर, मग दुसऱ्या. बघता बघता सगळा डेक नाचायला लागला.

तरी माहिती सांगणारा अधिकारी शिस्तीत बोलतोय, “समुद्र सुरक्षित ठेवायचा, तर शेजाऱ्यांनी जवळ आलं पाहिजे,” आणि सगळे शेजारी तोफेच्या हातभर सावलीत एकमेकांना चिकटून उभे! एका खलाशाला दया आली, त्याने पाइप आणून डेकवर पाणी मारलं. मग चटके थांबले, पण मोज्यांतून पचक पचक आवाज करत आम्ही उरलेलं जहाज बघितलं.

खाली उतरलो. अप्पा धक्क्यावर एका खुंटावर बसून बूट घालत होते. पाठ आमच्याकडे, मान खाली, आणि खांदे गदगदा हलत होते.

“अप्पा!” मेधा घाबरून धावली. “काय झालं? आईची आठवण आली का?”

अप्पा वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माणूस हसत होता! पोट धरून, लहान मुलासारखा. मेधा तशीच ओल्या मोज्यांत उभी राहून बघत राहिली.

“अहो मंदारराव,” शेवटी त्यांना बोलता आलं, “उभा जन्म जहाजावर गेला माझा. डेकवर पायात बूट हवेतच, हा पहिला नियम. सगळ्या देशांचा!”

“मग मला सांगायचं ना!”

“सांगणार कसं? कोर्स तुम्ही केलेला.” ते पुन्हा हसायला लागले. “आणि मागचा तो इंडोनेशियन साहेब काही केल्या काढेना. मला विचारतो, खरंच काढायचे का? मी म्हटलं, म्हणजे काय! आमचे जावई जपानचे एक्सपर्ट आहेत!”

जपान धरून पाच देशांचे तळपाय भाजले त्या दिवशी, पण मला आमचे अप्पा परत मिळाले. ते घरी येईपर्यंत हसत होते, आणि रात्री जेवताना दोनदा ठसका लागला. ठाण्याला गेल्यावरही फोन करायचे, “मंदारराव, ते कॅप्टनने बूट काढले ते परत सांगा हो!” आणि मी परत सांगायचो.

आम्ही पुण्याला परतलो, वर्षं गेली आणि अप्पाही गेले. दिवसकार्यासाठी मी ठाण्याला पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, सगळे माना खाली घालून बसलेले. मी दारात थांबलो आणि वाकून बुटाची लेस सोडायला लागलो. आतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणीतरी. मी वर बघितलं, तर सगळी खोली तोंडाला रुमाल लावून बसलेली!

शेजारचे काका डोळे पुसत दारात आले. म्हणाले, “राग मानू नका हं. पण अप्पांनी बजावून ठेवलं होतं आम्हाला. म्हणाले होते, आमचे जावई वाकताना दिसले ना, की आधी आपापले बूट घट्ट धरा.”

सकाळपासून रडत असलेली मेधा माझ्याकडे बघत राहिली, आणि मग सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. आणि मी? एक बूट पायात, एक हातात, तसाच दारात उभा.