कात्रीबाईंची दाढ

पडदे शिवणाऱ्या कात्रीबाईंचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नाही. त्यांचे पडदे धुतल्यावर आटत नाहीत, हे मात्र सगळ्यांना ठाऊक. कारण कापायच्या आधी प्रत्येक तागा त्या स्वतः पाण्यातून काढतात. "नव्या कापडातली खळ मला बाधते," हे त्यांचं ठाम मत. जाड कापड कापलं की संध्याकाळपर्यंत उजवा हात फुगायचा, अंगठा कात्रीच्या कडीत शिरायचा नाही. खाज नाही, पुरळ नाही. नुसती सूज. दोन-तीन दिवसांनी आपोआप उतरायची. म्हणून खळ धुणं सुरू झालं. सूज थांबली नाही, गिऱ्हाइकं मात्र वाढली.

सासूबाईंचा संशय खळीवर नव्हता, ताटावर होता. आधी अंडी बंद झाली, मग मासे, मग शेंगदाणे, मग दूध.

"आता फक्त हवा उरलीय," नवरा म्हणाला.

"तीही गाळून घेऊ दे तिला," सासूबाई म्हणाल्या.

मग दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घातला, म्हणाले, "पार किडलीय. काढावी लागेल." कात्रीबाई खुर्चीतून उठल्या त्या थेट घरी. त्यांचे वडील दाढ काढून हसतहसत घरी आले होते आणि दुसऱ्या दिवशी गळा सुजून श्वास कोंडून गेले होते. माहेरी त्या दातवाल्याला अजून शिव्या बसतात.

लवंगेच्या तेलावर किती दिवस काढणार? गाल टरारला, ताप आला. नवऱ्याने धरून पुन्हा नेलं. वडिलांचं आणि हाताच्या सुजेचं ऐकल्यावर डॉक्टरांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "ही सूज कसली ते कळल्याशिवाय मी दाढेला हात लावणार नाही." तापावर औषध दिलं आणि मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

"सूज आली की अ‍ॅलर्जीच्या गोळीने उतरते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! गोळीने नुसती झोप येते. सुजलेला हात घेऊन झोपायचं."

"वडिलांना आधी कधी सूज?"

"ओठ सुजायचे. आई म्हणायची, मधमाशी चावली. आम्हाला कुणाला कधी दिसली नाही, पण बाबांना बरोबर शोधून काढायची."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आला तेव्हा सासूबाईही सोबत होत्या.

"दोष खळीचा नाही, अंड्याचाही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोगजंतूंशी लढणारी फौज रक्तात कायम तयार असते. ती उगाच उधळू नये म्हणून तिला आवरणारं एक प्रोटीन असतं, सी-वन इनहिबिटर. बारीक रक्तवाहिन्या पाझरू नयेत, हेही तेच बघतं. तुमच्यात ते जन्मापासून फार कमी आहे. कात्रीचा दाब पडला की हात सुजतो. दाढ काढली तर जबडा, आणि तिथून गळा काही लांब नाही."

"म्हणजे मला आवरणारं कुणी नाही म्हणा की."

"नवरा आहे ना?"

"त्याला आवरायला मी आहे!" मग आवाज खाली आला. "आणि बाबा?"

"बहुधा हेच असणार. बिचाऱ्या दातवाल्याला कळणं कठीण होतं."

कात्रीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मग माझी दाढ?"

"निघेल. लोकांनी दिलेल्या रक्तातून ते प्रोटीन वेगळं काढतात. दाढ काढायच्या आधी ते शिरेतून देऊ. नंतर इथेच ठेवू, नजरेसमोर. गळा जरा जरी आवळला तरी आणखी देता येतं."

तसंच झालं. आधी शिरेत सुई, मग दाढ बाहेर. खाटेसमोर खुर्ची ओढून सासूबाई सुनेच्या गळ्यावर डोळे रोखून बसल्या.

"बोल."

"काय बोलू?" तोंडात कापसाचा बोळा.

"काहीही. आवाज बसतोय का ते ऐकायचंय."

"अहो आई, एरवी तुम्हीच म्हणता, जरा गप्प बस."

"ते घरी. इथे बोल!"

बोळा निघाला, रात्र सरली. सकाळी डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, पाणी प्यायला लावलं. घोट सरळ खाली गेला. दुपार झाली, वडील गेले ती वेळ आली आणि टळूनही गेली. गळा जसाच्या तसा. सासूबाईंनी खुर्चीतच पाय पसरले आणि घोरायला लागल्या.

कात्रीबाईंनी माहेरी फोन लावला. तिकडे काहीच सांगितलेलं नव्हतं.

"आई, दाढ काढली गं."

"कधी?"

"काल."

"काल? आणि आज बोलतेयस?"

"आज बोलतेय."

तिकडे नाक ओढणं सुरू झालं. मग आईने विचारलं, "दुखतंय का गं फार?"

"हो गं, भयंकर," कात्रीबाई म्हणाल्या आणि मोकळ्या गळ्याने हसल्या.