एका हातानं उघडणारा स्टँड

दिल्लीतल्या द्वारकेत निम्म्या इमारतींना तेव्हा अजून परांच्या बांधलेल्या होत्या. तिथं पेटंटच्या अपिलांची सुनावणी चाले आणि वकीलसाहेबांच्या फायली सांभाळत मी बाहेरच्या बाकावर बसून राही. एकदा तिथंच एक गृहस्थ भेटले. तंबोरा ठेवायचा लाकडी स्टँड मांडीवर, आणि अंगठा सारखा त्याच्या बिजागरीवरून फिरत होता.

त्या स्टँडचं पेटंट नाकारलं गेलं होतं. असा स्टँड कुठल्याही कारागिराला सहज सुचला असता, असा शेरा मिळाला होता. अपील ते स्वतःच लढत होते.

आतून ते हसतच बाहेर आले. "साहब ने ख़ुद खोला! एक हाथ से, पहली ही बार में!"

वापरायला सोपं आणि सुचायला सोपं यांत फरक असतो, पण तो पटवून द्यायला वकील लागतो. यांनी तर सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या हातातच नकाराचं कारण दिलं होतं.

"एक हाथ से ही क्यों?" मी विचारलं.

"बीवी को लकवा हुआ था. तानपुरा ख़ुद ही रखना चाहती थी. मैं हाथ लगाऊँ तो चिढ़ जाती."

जायला निघाले तेव्हा त्यांनी स्टँड मिटला. दोन्ही हातांनी, सावकाश. मी बघतोय हे लक्षात आल्यावर ते ओशाळले.

"मुझसे नहीं होता," ते म्हणाले. "एक हाथ से तो वही करती थी."