ट्रेच्या कडेचे पेले

आर्डिथ टॉलेफसन ही नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावची निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. एकोणीस वर्षं ती तुरुंगाच्या पाद्रींच्या हाताखाली बिनपगारी राबली. आत जाऊन कैद्यांबरोबर बायबल वाचायचं, सुटलेल्यांना बाहेर घर, काम बघून द्यायचं. लोक विचारायचे, भीती नाही वाटत? ती म्हणायची, "आत कसली भीती? खरी भीती वाटते ती, ते सुटून बाहेर आल्यावर."

मार्चमध्ये रॉईस हेबेक शिक्षा संपायच्या आधीच पॅरोलवर सुटला आणि तिच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायला आला. दारू पिऊन गाडी चालवताना त्याच्या हातून एक माणूस मेला होता. पॅरोलची अट कडक: दारूचा थेंबही पोटात जाता कामा नये. दर सोमवारी लघवीची तपासणी. त्यात सापडला, की उरलेली चार वर्षं पुन्हा आत.

पहिल्याच रविवारी ती त्याला चर्चला घेऊन आली. आम्ही लुथरन पंथाचे, आमच्याकडे प्रभुभोजनाच्या विधीला खरी वाइन असते, छोट्या पेल्यांतून प्रत्येकाला घोटभर. पेल्यांचा ट्रे फिरतो; कडेच्या पेल्यांत लाल वाइन, मधल्या चार पेल्यांत पांढऱ्या द्राक्षांचा रस, न पिणाऱ्यांसाठी. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणूनच त्याला कुणी सांगितलं नाही. पेले भरणारी मी, डोरीन. मीही नाही. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

रॉईसने कडेचा पेला उचलला. घोट गिळला आणि त्याचा चेहरा असा उतरला की माझी चूक तेव्हाच माझ्या ध्यानात आली.

दुपारी मी आर्डिथकडे गेले, तर तो स्वयंपाकघरात बॅग भरून उभा होता.

"भाऊ मोंटानात आहे. मी जातो."

"पळालास तर संपलास," आर्डिथ म्हणाली. "उद्या तुझ्या पॅरोल ऑफिसरला आपणहून सांगू."

"आर्डिथबाई, आत मी जेव्हा जेव्हा खरं बोललो, तेव्हा मारच खाल्लाय."

ती दार अडवायला उठली नाही. बटाटे सोलत राहिली, आणि सालीबरोबर अर्धा बटाटाही जात होता. इतकं घाबरलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ते बघून शेवटी त्याने बॅग खाली ठेवली.

सोमवारी आम्ही तिघं गेलो. रॉईसने झालं ते सगळं सांगितलं. ऑफिसर निघाला बाप्टिस्ट पंथाचा.

"चर्चमध्ये दारू?" तो हसला. "आमच्याकडे नुसता रस असतो. थाप मारायला जरा बरी जागा शोधायची!"

रॉईस पांढराफटक पडला. मीच पुढे झाले. "अहो साहेब, ते पेले मी भरते. चूक माझी आहे. आमच्या पाद्रींना फोन लावा."

त्याने लावला. बराच वेळ ऐकून घेतलं. मग रॉईसला तपासणीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर मला साधी प्रार्थनाही आठवेना.

"काही निघालं नाही," तो बाहेर येऊन म्हणाला. "पुढच्या सोमवारी या. आणि जरा बघून पीत जा."

परतताना गाडीत रॉईसने विचारलं, "काल मी निघून गेलो असतो तर?"

"तासाभरात मीच पोलिसांना फोन केला असता," आर्डिथ म्हणाली.

तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"आणि मग तुला भेटायला आले असते. चारही वर्षं."

तिने गाडी बाजूला घेऊन थांबवली, कारण तिला समोरचं दिसेनासं झालं होतं.