काकूंना मीठ दिसायचं

पातेल्यावरचं झाकण डाव्या हाताने जरासं उचलायचं, उजव्या तळव्याने वाफ स्वतःच्या तोंडाकडे वारायची, क्षणभर डोळे बारीक करायचे आणि झाकण परत ठेवायचं. बस्स, एवढंच. चमचा ओठाला लागायचा नाही की बोट जिभेला. मग चिमूटभर मीठ पडायचं, नाहीतर पडायचं नाही.

"काकू, एकदा चाखून तरी बघा," असं कुणी म्हटलं की त्या मान वर न करता म्हणायच्या, "चाखायचं काय त्यात? मीठ दिसतं मला."

तुम्ही हसाल. सुरुवातीला मीही हसलो होतो. पण इतकी वर्षं शेजारी राहून त्यांच्या हातचं कधी खारट खाल्लं नाही की अळणी. काकू सासरच्या वाईच्या. त्या घरात नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी घास घेत नसे, आणि नैवेद्याचं चाखायचं नाही हा नियम. नव्या नवरीने एकदा आमटीची चव बघितली म्हणून सासूबाईंनी ती सगळी आमटी बाजूला ठेवून दुसरी करायला लावली होती. तेव्हापासून जिभेचं काम त्यांनी नाकाडोळ्यांवर सोपवलं. पुढे काकांना बहारीनला अकाउंटंटची नोकरी लागली, सासूबाईही गेल्या, पण सवय तशीच राहिली.

बहारीनमधल्या झिंज भागातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तीन दारं. एक काका-काकूंचं. एक आमचं, म्हणजे माझं आणि माझी बायको शबाना हिचं. मी रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान, मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, एका व्यापाऱ्याकडे कारकून. तिसरं दार पार्कसाहेबांचं. ते कोरियाचे, जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर. मूलबाळ नाही. बायको ठेंगणी आणि हसरी. तिला आम्ही सगळे पार्कबाई म्हणायचो.

एकदा त्या दारातून असा आंबूस वास सुटला की खालच्या मजल्यावरच्यांनी नातूरला, म्हणजे इमारतीच्या राखणदाराला, वर पिटाळलं. तो नाक दाबून हुज्जत घालत होता तेवढ्यात काकू बाहेर आल्या. त्यांनी छातीभर श्वास घेतला.

"मुरायला घातलंय काहीतरी. आमच्या लोणच्याच्या बरण्यांना काय अत्तराचा वास येतो? जा रे बाबा, खलास."

नातूर बांगलादेशी, पार्कबाई कोरियन आणि काकू बोलल्या ते शुद्ध मराठी. कुणाला काय कळलं देव जाणे, पण नातूर खाली गेला आणि काकू आत गेल्या. त्या तिकडे रोजच जाऊ लागल्या. बरेच दिवस नुसत्या स्टुलावर बसून बघायच्या. "आधी बघू तर दे तिचं कसं असतं," म्हणायच्या. मग एक दिवस पार्कबाईंनी स्वतःच कोबीची पानं त्यांच्यापुढे सरकवली आणि काकूंनी पदर खोचला. पार्कबाई त्यांना 'ऑन्नी' म्हणू लागल्या. त्यांच्याकडे बायका मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. ऐकून ऐकून पार्कसाहेबही तेच म्हणू लागले.

आता गंमत बघा. काकू पक्क्या शाकाहारी. अंडंसुद्धा घरात येत नसे. आणि त्या किमचीत, म्हणजे कोबीच्या त्या आंबवलेल्या लोणच्यात, पडायचं माशाचं पाणी. काकू ते मापून घालायच्या, कालवायच्या, बरणी भरायच्या आणि आमच्याकडे पाठवायच्या. स्वतः एक पान खाल्लं नाही.

मी म्हटलं, "काकू, माशाचं वगळा ना. तुम्हालाही खाता येईल."

"मग ते माझं होईल. तिचं कुठे राहिलं? ज्याचं त्याच्यासारखं करावं, नाहीतर करू नये."

हे 'ज्याचं त्याच्यासारखं' आम्ही हजारदा ऐकलं असेल. एका वर्षी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या खाऊगल्लीत एका हौशी बाईंनी 'कोरियन वडापाव' ठेवला होता. लाल चटणीत बुचकळलेला वडा आणि वर तीळ. रांग लागली होती. काकूंनी पूर्ण खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "छान झालाय हो. पण हा तुमचा आहे. त्याला त्या बिचाऱ्यांचं नाव कशाला?" त्या बाई पुढे महिनाभर काकूंशी बोलल्या नाहीत.

काकू दुसऱ्याच्या बाबतीत जितक्या काटेकोर, तितक्याच स्वतःच्या. पितृपंधरवड्यात त्यांच्याकडे सासू-सासऱ्यांचं श्राद्ध असायचं. खीर, वडे, आमसुलाची चटणी; कांदा-लसूण घरातसुद्धा नाही. एकदा एकट्याच राबताना पाहून शबाना म्हणाली, "काकू, मी वडे थापून देऊ?" काकूंनी तिच्या गालाला हात लावला. "आज नको गं. आज जेवायला येणारी माणसं जुन्या वळणाची आहेत." शबानाला राग आला नाही. नंतर खीर मात्र तिने दोन वाट्या खाल्ली.

मग पार्कबाई आजारी पडल्या आणि फार दिवस न काढता गेल्या. देह कोरियाला नेला. पार्कसाहेब परत आले ते एकटेच. त्यांच्या दारातून आता कसलाच वास येईना. काकू येता-जाता त्या बंद दारापाशी जराशा थांबायच्या.

वर्ष होत आलं तसं पार्कसाहेबांनी एके संध्याकाळी काकूंच्या दारावरची बेल वाजवली. मी तेव्हा काकांकडे चहा पीत बसलो होतो. यार्डात कामाची घाई, कोरियाला जायला लीव्ह मिळत नव्हती. ते तुटक इंग्रजीत म्हणाले, "ऑन्नी, वर्षाच्या दिवशी ती जेवायला येईल. आमच्यात गेलेली माणसं येतात. तिचं ताट मांडायला हवं. मला नूडल्सशिवाय काही येत नाही. स्वयंपाक तिला यायचा." एवढं बोलून ते बुटांकडे बघत उभे राहिले.

मी काकूंसाठी त्याचं मराठी केलं. खरं तर गरज नव्हती. काकूंचा चेहरा उतरला होता.

"मला हक्क नाही हो," त्या म्हणाल्या. "माझ्या पितरांच्या वड्यांना मी शबानाचा हात लागू दिला नाही. मी कुठल्या तोंडाने दुसऱ्यांच्या पितरांचं रांधू?"

पण तिच्या ताटाचं काय? हॉटेलातून मागवलेलं का ठेवायचं? दुसऱ्या दिवशी काकू स्वतःच पार्कसाहेबांकडे गेल्या आणि मलाही दुभाष्या म्हणून नेलं. "त्यांच्या घरात हे करणारं कुणी मोठं असेल ना? त्यांना विचारा. ते हो म्हणाले तर करीन."

मोठी होती ती पार्कसाहेबांची थोरली बहीण, म्हणजे पार्कबाईंची नणंद. फोनच्या पडद्यावर एक करारी म्हातारी आली. काकूंनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. "नमस्कार करते, वन्सं."

नणंदबाई बोलत गेल्या आणि पार्कसाहेबांचा चेहरा पडत गेला. काय म्हणाल्या ते सांगायला ते तयार होईनात. काकूंनी "सांगा, सांगा" असा लकडा लावला तेव्हा म्हणाले, "ती म्हणते, यात लसूण नसतो, लाल तिखट नसतं."

मी चाट पडलो. कोरियन म्हणजे लालभडक आणि लसणाचा मारा, असंच मी समजत होतो. काकू फक्त मान डोलवत होत्या.

"आणि?"

"आणि म्हणते, परक्या बाईला आमच्या अन्नाची चव काय माहीत? बरोबर झालंय का बघायला तिला चाखावंच लागेल. आधी कुणाच्या तोंडी लागलेलं गेलेल्या माणसापुढे कसं ठेवायचं?"

काकूंना अपमान वाटेल म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांचे डोळे भरून आले होते. "उष्टं!" त्या म्हणाल्या. "उष्टं नको म्हणतात. अरे, बरोबर बोलतात त्या. मीसुद्धा हेच म्हटलं असतं. त्यांना सांग, मी चाखणार नाही. आजवर कधी चाखलं नाही. आणि विश्वास नसेल तर बसा म्हणावं समोर."

नणंदबाई खरंच समोर बसल्या. म्हणजे त्या दिवशी पार्कसाहेबांच्या ओट्यावर सोया सॉसच्या बरणीला फोन टेकवून ठेवला आणि त्या तिकडून टक लावून बघत राहिल्या. काकू न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. आणि दारात उभ्या राहून त्यांनी शबानाला हाक मारली. "ये गं आत. आज मीही बाहेरचीच आहे."

ताटात अख्खा मासा हवा होता, डोक्यासकट. पार्कसाहेबांनी फोटो दाखवला तर तो आमच्या ढोम्याचा भाऊबंद निघाला. कोकणात ढोम्याला कुणी विचारत नाही आणि तिकडे तो पितरांच्या पानात! मी मनामाच्या मासळी बाजारातून त्यातल्या त्यात देखणा शोधून आणला आणि साफ करून दिला. तळायला मीच पुढे झालो, तर काकूंनी सराटा माझ्या हातातून घेतला. जन्मात मासा न शिवलेली ती बाई.

"काकू, सवय नाही तुम्हाला. राहू द्या."

"तिच्या ताटात काय असावं हे माझं पोट ठरवणार नाही," त्या म्हणाल्या. शबाना शेजारी उभी राहून सांगत होती, "आता परतू नका. थांबा. कड सुटू द्या." मासा उलटला तेव्हा त्याची साल कुठे फाटली नव्हती.

मग तीन भाज्या. पांढरा मुळा, हिरवा पालक आणि पार्कबाईंनीच वाळवून ठेवलेले एका रानभाजीचे तपकिरी देठ. अंड्यात बुडवून परतलेल्या भोपळ्याच्या चकत्या. शेवटी मुळा आणि टोफूचं पांढरं सार. सार उकळलं आणि काकूंनी झाकण जरासं उचललं, तळव्याने वाफ तोंडाकडे वारली, डोळे बारीक केले. फोनमधून नणंदबाईंनी काहीतरी विचारलं.

"मीठ कसं कळतं म्हणते," पार्कसाहेब म्हणाले.

"दिसतं," काकू म्हणाल्या.

पार्कसाहेब याचं कोरियन कसं करावं या विचारात पडले. पण पडद्यावरच्या म्हातारीने हात वर करून त्यांना थांबवलं. तिला कळलं होतं. दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि मध्ये समुद्र होते, हे मी विसरून गेलो.

मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाल्यावर ताट मांडलं. मागे पार्कबाईंचा हसरा फोटो. ती आत यावी म्हणून पार्कसाहेबांनी बाहेरचं दार सताड उघडून ठेवलं, जमिनीला डोकं टेकवून दोनदा नमस्कार केला आणि भाताच्या मधोमध चमचा उभा खोवला. मग त्यांनी आम्हाला बाहेर चलायला सांगितलं. ती जेवत असताना तोंडाकडे बघत बसायचं नसतं. दार लोटून आम्ही सगळे जिन्यापाशी उभे राहिलो. काकूंनी माझी बाही धरली.

"मीठ बरोबर पडलं असेल ना रे?"

हे काकू विचारत होत्या! "इंशाल्ला," मी म्हटलं.

काही वेळाने पार्कसाहेब दाराशी जाऊन खाकरले, आपल्याकडची मोठी माणसं घरात शिरताना खाकरायची तसे, आणि दार उघडलं. ते ताट आता घरच्यांनी खायचं. त्यांनी आधी साराचा वाडगा उचलला. एक घोट घेतला आणि थांबले.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

मी चाचरत ते मराठीत सांगितलं. काकू मात्र शांत होत्या. "कमीच आहे. तिचं नेहमी कमीच असायचं. इतके दिवस बघत होते ना मी."

मी भाषांतर केलं. पार्कसाहेबांनी वाडगा दोन्ही हातांनी धरला. "मी रोज कुरकुर करायचो," ते म्हणाले, आणि आमच्यासमोर लहान मुलासारखे रडले. फोनमध्ये नणंदबाईंनी मान इतकी खाली वाकवली की पडद्यावर फक्त पांढरा भांग दिसत राहिला. काकूही वाकल्या. मी आयुष्यात मोठमोठ्या इमारती पाहिल्या, मोठमोठी माणसं पाहिली. पण इतकं मोठं काही पाहिलं नाही.

काका रिटायर झाले आणि दोघं वाईला परत गेली. पुढल्या थंडीत काकू झोपेतच गेल्या. यंदा वर्ष होत आलं तेव्हा पार्कसाहेबांनी आमची बेल वाजवली. "ऑन्नीला काय आवडायचं?"

मला शबानाला मिळालेलं ते 'आज नको गं' आठवलं. आमच्या धर्मात हे नाही. काकूंचं श्राद्ध त्यांच्या घरी होणार, ते आमचं नव्हे. पण शबाना म्हणाली, "श्राद्ध नको. शेजारीण जेवायला येतेय, एवढंच. पण काकांना विचारा आधी." मी वाईला फोन लावला. काका आयुष्यभर कमी बोलणारे.

ते म्हणाले, "साधं वरण करा. लसूण नको." आणि फोन ठेवता ठेवता, "चाखू नका हं."

वरण उकळलं. पार्कसाहेबांनी झाकण जरासं उचललं आणि मोठ्या, राठ तळव्याने वाफ तोंडाकडे वारली. शबानाने वारली. मीही वारली. आम्ही तिघं डोळे बारीक करून पातेल्यावर वाकून बघत राहिलो. मीठ कुणालाच दिसत नव्हतं.